प्रोग्राम चालला, तो बरोबर आहे हे कशावरून?

प्रोग्रामिंग नव्याने शिकणाऱ्या वाचकांनी सरावात येणाऱ्या अडचणी लिहून पाठवाव्यात, असे आवाहन या सदरात केले होते. त्याला वडोदऱ्याच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली आणि त्यांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपासून निवृत्त वाचकांपर्यंत सगळे आहेत. पुष्कळ पत्रांचा सूर सारखा आहे: प्रोग्राम चालतो, उत्तर येते, पण तेच उत्तर का आले हे सांगता येत नाही. म्हणून खालील उत्तरांत भर त्या ‘का’वर दिला आहे. कोडच्या ओळी मुद्दाम दिलेल्या नाहीत. रीत शब्दांत कळली की ती कोणत्याही भाषेत उतरवता येते, आणि उतरवण्याचे काम ज्याचे त्याने केलेले बरे.

प्रश्न : दोन संख्यांचा मसावि काढण्यासाठी मी १ पासून लहान संख्येपर्यंत प्रत्येक संख्येने दोन्ही संख्यांना भागून पाहत होते आणि उत्तर बरोबर येत होते. प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी मात्र युक्लिडची रीत पाठ केली. व्हायवात ‘ही रीत का चालते?’ असे विचारले, तेव्हा मला काहीच सांगता आले नाही. — बी.सी.ए. प्रथम वर्ष, मांजलपूर

उत्तर : तुमचा पहिला प्रोग्राम चुकीचा नव्हता, हे आधी स्पष्ट करायला हवे. तो मसाविच्या व्याख्येवरून सरळ लिहिलेला आहे, आणि नवशिक्याने सुरुवात तिथूनच करावी. (गुजराती माध्यमातून शिकलेल्यांनी मसावि म्हणजे गु.सा.अ. असे समजावे.) त्याची अडचण एवढीच की लहान संख्या नऊ अंकी असली तर त्याला कोट्यवधी भागाकार करावे लागतात.

आता युक्लिडची रीत कागदावर करून पाहू. संख्या ३९१ आणि २९९ घ्या. ३९१ ला २९९ ने भागले की बाकी ९२ उरते. आता ३९१ सोडून द्या आणि २९९ व ९२ ही जोडी घ्या. २९९ ला ९२ ने भागल्यावर बाकी २३. पुढची जोडी ९२ आणि २३. इथे बाकी शून्य. रीत थांबली आणि मसावि २३ आला. तीन भागाकारांत काम झाले. तुमच्या पहिल्या रीतीने १ ते २९९ पर्यंतची प्रत्येक संख्या तपासावी लागली असती.

३९१ टाकून देण्याची मुभा आपल्याला कोणी दिली, हा इथला खरा प्रश्न आहे आणि व्हायवात तोच विचारला गेला. पहिला भागाकार असा लिहा : ३९१ म्हणजे २९९ अधिक ९२. जी संख्या ३९१ आणि २९९ या दोघांना नि:शेष भागते, ती त्यांच्या वजाबाकीलाही, म्हणजे ९२ लाही, भागणारच. उलट जी संख्या २९९ आणि ९२ यांना भागते, ती त्यांच्या बेरजेला, म्हणजे ३९१ ला, भागल्याशिवाय राहत नाही. याचा अर्थ जुन्या जोडीचे सामाईक विभाजक आणि नव्या जोडीचे सामाईक विभाजक तंतोतंत तेच आहेत, आणि विभाजक तेच असतील तर त्यांतला सर्वांत मोठाही तोच असणार. दर फेरीला संख्या बदलतात, पण जोडीचा मसावि बदलत नाही. हे एक वाक्य तुम्हाला आपल्या शब्दांत सांगता आले की रीत पाठ करण्याची गरज उरत नाही.

दुसरा अर्धा भाग म्हणजे रीत थांबणार कशावरून. बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते आणि कधी ऋण होत नाही. दर फेरीला लहान होत जाणारी पूर्ण संख्या केव्हा ना केव्हा शून्यावर येतेच. शून्याला कोणतीही संख्या नि:शेष भागते, म्हणून शेवटच्या जोडीत शून्याशेजारी उरलेली संख्याच मसावि असते.

ही रीत इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात दिली; त्याने भागाकाराऐवजी पुन:पुन्हा वजाबाकी केली होती, पण तत्त्व तेच. आपल्याकडे आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये सांगितलेल्या कुट्टकातही (समीकरणांची पूर्णांकी उत्तरे काढण्याच्या रीतीतही) हीच भागाकारांची साखळी आहे. या रीतीला जास्तीत जास्त किती भागाकार लागतील, याची मर्यादा गाब्रिएल लामे या फ्रेंच गणितज्ञाने १८४४ साली सिद्ध केली : लहान संख्येत जितके अंक, त्याच्या पाचपटीहून अधिक कधीच लागत नाहीत. म्हणजे नऊ अंकी संख्येला फार तर ४५ भागाकार. कोट्यवधींच्या जागी ४५, हा फरक जर्नलमध्ये अवश्य लिहा.

एक बारीक गोष्ट सांगून हे उत्तर संपवतो. अनेक विद्यार्थी सुरुवातीला ‘पहिली संख्या लहान असेल तर अदलाबदल करा’ अशी अट घालतात. तिची जरुरी नाही. २९९ ला ३९१ ने भागले तर भागाकार शून्य आणि बाकी २९९ येते, म्हणून पुढची जोडी आपोआप ३९१ आणि २९९ अशी होते. रीत कळलेल्याला ही अट गाळता येते. पाठ केलेल्याला ती गाळायची भीती वाटते.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी पायथन शिकतो आहे. यादीतील सर्वांत मोठी संख्या शोधण्याचा माझा प्रोग्राम व्यवस्थित चालत होता. पण डोंगराळ भागातील हिवाळ्याची तापमाने घातली, तेव्हा सर्वांत जास्त तापमान ० असे उत्तर आले. यादीत शून्य नव्हतेच. — एक ज्येष्ठ वाचक, अलकापुरी

उत्तर : आपण ‘आतापर्यंतची मोठी’ या चलाला सुरुवातीस ० ही किंमत दिली असणार. सगळी तापमाने शून्याखाली असली की त्यांतले एकही शून्याला मागे टाकत नाही आणि शून्य तसेच शेवटपर्यंत टिकते.

या प्रोग्राममध्ये प्रत्येक फेरीनंतर एक विधान खरे असायला हवे : हातात धरलेली संख्या ही आतापर्यंत पाहिलेल्या संख्यांपैकी सर्वांत मोठी आहे. सुरुवातीला ० धरले की हे विधान पहिल्याच पावलाला खोटे ठरते, कारण ० आपण यादीत पाहिलेलेच नाही. म्हणून यादीतील पहिली संख्या हातात घ्यावी आणि दुसरीपासून तुलना सुरू करावी. सर्वांत लहान संख्या शोधताना ९९९९ सारखी मोठी किंमत धरून सुरुवात करण्याची सवयही याच कारणासाठी सोडावी. राहिला प्रश्न रिकाम्या यादीचा. तिथे सर्वांत मोठी संख्या असूच शकत नाही, तेव्हा कोणती तरी संख्या छापण्यापेक्षा प्रोग्रामने तसे स्वच्छ सांगावे.

आपण प्रोग्राम वेगळ्या प्रकारच्या माहितीवर तपासून पाहिला, ही फार चांगली सवय आहे. सगळ्या संख्या ऋण, सगळ्या सारख्या, एकच संख्या, एकही नाही : या चार याद्या प्रत्येक सरावाला लावून पाहाव्यात.

प्रश्न : सुरुवात सी पासून करावी की पायथनपासून? — विद्यार्थी, फतेहगंज

उत्तर : अभ्यासक्रमात जी असेल तिच्यापासून. या सदरातल्या रीती दोन्हींत सारख्याच चालतात. फक्त पूर्णांकांबाबत सावध राहा : सी मध्ये उणे ७ ला ३ ने भागल्यावर बाकी उणे १ येते, तर पायथनमध्ये तीच बाकी २ येते. एका भाषेतला प्रोग्राम दुसरीत ओळीला ओळ उतरवताना ऋण संख्यांचा हा फरक नेमका आडवा येतो.

प्रश्न : ग्रंथालयशास्त्र शिकताना मी पुस्तकांच्या यादीसाठी बायनरी सर्च (क्रमाने लावलेली यादी दर फेरीला निम्मी करत शोधण्याची रीत) लिहिला. दाखल क्रमांकाने शोधताना काही वेळा उत्तर लगेच मिळते, काही वेळा प्रोग्राम थांबतच नाही. लेखकाच्या आडनावाने शोधताना तर यादीत समोर दिसणारे नाव ‘सापडले नाही’ असे येते. यादी मी स्वत: वर्णानुक्रमे लावली आहे. — विद्यार्थिनी, रावपुरा

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगवेगळे दोष आहेत आणि दोन्ही शिकण्यासारखे आहेत.

पहिला दोष कागदावर पकडता येतो. सात पुस्तकांचे दाखल क्रमांक चढत्या क्रमाने असे आहेत असे समजा : ११२, १४०, २०५, ३१८, ३७७, ४२१, ५६०. जागांना ० ते ६ असे क्रमांक द्या आणि ५६० शोधा. डावी सीमा ०, उजवी ६, मधली जागा ३. तिथे ३१८ आहे, जो ५६० पेक्षा लहान, म्हणून उजव्या अर्ध्यात जायचे. इथे तुम्ही ‘डावी सीमा = मधली जागा’ असे लिहिले असावे. मग डावी ३, मधली ४. डावी ४, मधली ५. डावी ५, उजवी ६. पाच आणि सहाची सरासरी साडेपाच, अपूर्णांक सोडला की मधली पुन्हा ५. तिथे ४२१, म्हणून डावी सीमा पुन्हा ५. इथून पुढे काही बदलत नाही आणि प्रोग्राम फिरतच राहतो. डावीकडचे क्रमांक शोधताना हा पेच दर वेळी पडत नाही, म्हणून ‘काही वेळा चालते’ असे तुम्हाला दिसले.

मधली जागा तपासून झाली आहे आणि तिथे हवा तो क्रमांक नाही हे कळले आहे, तेव्हा ती पुढच्या शोधात ठेवण्याचे कारणच नाही. डावी सीमा मधलीच्या पुढच्या जागी न्यावी. उजवीकडून आत येताना उजवी सीमा मधलीच्या अलीकडे आणावी. असे केले की शोधायचा पट्टा दर फेरीला निदान एका जागेने लहान होतोच, आणि प्रोग्राम थांबण्याची हमी तिथून मिळते. उत्तर बरोबर असण्याची हमी देणारे विधान वेगळे आहे : हवा तो क्रमांक यादीत असेलच, तर तो डाव्या आणि उजव्या सीमेच्या दरम्यानच आहे. पट्टा रिकामा झाला की ‘नाही’ असे ठामपणे म्हणता येते ते या विधानामुळेच. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून तपासण्याची सवय लावून घ्या. ड्राय रन करताना, म्हणजे प्रोग्राम हाताने कागदावर चालवून पाहताना, शेजारी एक रकाना पट्ट्याच्या लांबीसाठी आखला तर असला दोष चार ओळींत उघडा पडतो.

या चुकीची लाज वाटून घेऊ नका. बायनरी सर्चची कल्पना १९४६ साली जॉन मॉकली यांनी मांडली, पण कोणत्याही लांबीच्या यादीला बरोबर लागू पडेल अशी मांडणी प्रसिद्ध व्हायला १९६० साल उजाडावे लागले. जावा भाषेसोबत मिळणाऱ्या तयार कोडच्या संग्रहातल्या (स्टँडर्ड लायब्ररीतल्या) बायनरी सर्चमध्येही एक दोष कित्येक वर्षे दडून होता आणि २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी त्याविषयी जाहीरपणे लिहिले. डावी आणि उजवी सीमा यांची बेरीज करून तिला दोनाने भागायचे, ही ती निरुपद्रवी दिसणारी ओळ. यादी शंभर कोटींच्या पलीकडे गेली की ही बेरीज २,१४,७४,८३,६४७ या बत्तीस बिटी पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जाऊ शकते आणि ऋण होते. उजवीतून डावी वजा करून त्याचे अर्धे डावीत मिळवले की प्रश्न मिटतो. पायथनचे पूर्णांक हवे तेवढे वाढतात, म्हणून तिथे ही अडचण येत नाही.

आता आडनावांचा दोष, जो मराठी यादी करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवा. बायनरी सर्चची एकमेव अट अशी की यादी ज्या क्रमाने लावली आहे, तुलनाही त्याच क्रमाने झाली पाहिजे. तुम्ही यादी शाळेत शिकलेल्या वर्णमालेप्रमाणे लावली आहे, ज्यात ळ हा ह च्या नंतर येतो. संगणक मात्र युनिकोडमधल्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीतल्या, क्रमांकांप्रमाणे तुलना करतो आणि तिथे ळ ची जागा ल आणि व यांच्यामध्ये आहे. परिणामी तुमच्या यादीत ‘कासार’ आधी आणि ‘काळे’ नंतर. संगणकाच्या मते ‘काळे’ आधी. काळे शोधताना मधल्या जागी कासार आले की प्रोग्राम डावीकडे वळतो आणि उजवीकडे असलेल्या काळ्यांना कायमचा मुकतो. क्ष आणि ज्ञ यांचेही असेच : ते युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर नसून जोडाक्षर आहेत, त्यामुळे क आणि ज च्या घरात जाऊन बसतात. ॲ तर व्यंजनांच्याही पलीकडे, अंकांनंतर येतो.

उपाय दोन आहेत. यादी लावण्याचे कामही प्रोग्रामकडेच सोपवा, म्हणजे क्रम आणि तुलना एकाच नियमाने होतील. किंवा प्रत्येक नावासाठी मराठी वर्णक्रम दाखवणारी एक वेगळी किल्ली तयार करा आणि लावणे व शोधणे दोन्ही त्या किल्लीवर करा. वाचकांसाठी छापील सूची काढायची असेल तर दुसरा मार्ग कष्टाचा असला तरी तोच योग्य, कारण मराठी वाचक काळे हे नाव कासारांच्या नंतरच शोधणार.

तुमच्या शहरात या विषयाला मोठी परंपरा आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून संस्थानच्या ग्रंथालयांची घडी बसवून घेतली, आणि मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आजही उभी आहे. क्रमाने लावलेल्या एक लाख नोंदींतून एक नोंद शोधायला बायनरी सर्चला फार तर १७ तुलना लागतात. एकेक करून पाहिले तर सरासरी पन्नास हजार. क्रम लावण्यासाठी खर्च केलेला वेळ असा पुढच्या प्रत्येक शोधात परत मिळत राहतो.

प्रश्न : लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन, असे धरून ठरावीक मात्रांच्या किती रचना होतात हे मोजणारा प्रोग्राम रिकर्शनने (फंक्शनने स्वत:लाच पुन्हा बोलावण्याच्या रीतीने) लिहिला. १२ मात्रांना उत्तर क्षणात येते, ४० ला बराच वेळ लागतो आणि ५० ला तर येतच नाही. चूक कुठे आहे? — इंजिनियरिंग पहिले वर्ष, दांडिया बाजार

उत्तर : तुमच्या तर्कात चूक नाही. रचनेचे शेवटचे अक्षर लघु असेल तर त्याआधी एक मात्रा कमी असलेली कोणतीही रचना चालते; गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली. म्हणून प्रत्येक उत्तर हे आधीच्या दोन उत्तरांची बेरीज : १, २, ३, ५, ८, १३ असे पुढे. चार मात्रांच्या पाच रचना हाताने लिहून पाहा : चार लघु, गुरू-लघु-लघु, लघु-गुरू-लघु, लघु-लघु-गुरू, आणि दोन गुरू. बारा मात्रांच्या २३३ होतात. मोरोपंतांच्या आर्येच्या पहिल्या चरणात बाराच मात्रा असतात, आणि गणांचे नियम बाजूला ठेवले तर त्या चरणाचे इतके साचे संभवतात.

अडचण पुन:पुन्हा होणाऱ्या कामाची आहे. ४० साठी ३९ आणि ३८ लागतात. ३९ स्वत:साठी पुन्हा ३८ मागतो. ते दोन्ही ३८ आपापल्या परीने ३७ मागतात. आधी काढलेले उत्तर कोणी जपून ठेवत नाही. ४० मात्रांना तुमचे फंक्शन वीस कोटींहून अधिक वेळा बोलावले जाते आणि ५० ला अडीच हजार कोटींच्या पलीकडे.

खालून वर चला. शेवटची दोनच उत्तरे हाताशी ठेवा, त्यांची बेरीज करा, जुने टाकून द्या. पन्नासाव्या उत्तरापर्यंत पोहोचायला अठ्ठेचाळीस बेरजा पुरतात. इथे चलांच्या अदलाबदलीत मात्र सावधगिरी हवी : बेरीज आधी तिसऱ्या चलात ठेवायची, मग मागचे पुढे सरकवायचे. आधीच सरकवले तर जुनी किंमत पुसली जाते आणि बेरीज चुकीच्या संख्यांची होते. तीन फेऱ्यांचा ड्राय रन केला तरी हे लक्षात येते.

या संख्यांना जगभर फिबोनाची या इटालियन गणितज्ञाचे नाव आहे आणि त्याचा ग्रंथ १२०२ सालचा. आपल्या गुजरातेतच होऊन गेलेल्या आचार्य हेमचंद्रांनी सुमारे ११५० साली मात्रावृत्तांच्या संदर्भात नेमका हाच नियम दिला होता, आणि त्यांच्याही पूर्वी विरहांकाने तो सांगितला होता. वडोदऱ्यात बसून हा सराव सोडवणाऱ्याला हे ठाऊक असावे, असे मनापासून वाटते.

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे. सरावाचा प्रश्न ए.आय.ला विचारला की तयार कोड मिळतो आणि तो चालतोही. असे असताना या प्राथमिक सरावांवर तिने वेळ घालवावा का? — पालक, कारेलीबाग

उत्तर : घालवावा. मिळालेला कोड बरोबर आहे की नाही हे ठरवण्याचे काम शेवटी तिच्याकडेच येते, आणि ते काम या छोट्या सरावांवरच शिकता येते.

लीप वर्षाचा सराव घ्या. ‘चाराने भाग जातो तर लीप’ एवढेच लिहिलेला प्रोग्राम २०२३, २०२४ आणि २००० या तिन्ही वर्षांना बरोबर उत्तर देतो, आणि तरीही तो चुकीचा आहे. १५८२ मध्ये सुरू झालेल्या ग्रेगरियन दिनदर्शिकेत शतकाचे वर्ष चारशेने भाग जात असेल तरच लीप असते. म्हणून २००० लीप, १९०० नाही. ज्याला १९०० घालून पाहावे असे सुचते, त्यालाच ही चूक दिसते. एक्सेलमध्ये आजही १९०० हे लीप वर्ष धरले जाते. आधीच्या लोटस १-२-३ या प्रोग्राममध्ये तसे होते आणि त्याच्या फायली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक ठेवून घेतली. एकदा शिरलेली छोटी चूक अशी अनेक दशके घर करून राहते.

घरी तुम्ही एवढे करू शकता, आणि त्यासाठी तुम्हाला प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. कोड कुठूनही आलेला असो, मुलीला कागद द्या आणि एखाद्या लहान उदाहरणावर प्रत्येक चलाची किंमत फेरीगणिक लिहायला सांगा. मग विचारा की कोणती माहिती घातली तर हा प्रोग्राम फसेल. त्यानंतर कोडमधील एक चिन्ह बदला, ‘पेक्षा लहान’च्या जागी ‘पेक्षा लहान किंवा समान’ असे, आणि प्रोग्राम चालवण्याआधी काय होईल ते तिला सांगू द्या. तिचा अंदाज बरोबर ठरू लागला की कोड कोणी टंकला याला फारसे महत्त्व राहत नाही. अंदाज चुकत असेल तर तो सराव तिने कोरी पाटी घेऊन स्वत: लिहावा.

प्रश्न : कापरेकरांच्या ६१७४ या संख्येचा प्रोग्राम लिहिला. पुष्कळ संख्यांना ६१७४ येते. पण २१११ घातली तर ० येते आणि प्रोग्राम अडकतो. असे का होते? — इयत्ता नववी, वाघोडिया रोड

उत्तर : सराव फार छान निवडलास. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले की ६१७४ येते, हे त्यांनी १९४९ साली शोधून काढले. उदाहरणार्थ ३५२४ : ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४.

तुझी अडचण ०३७८ मधल्या त्या आघाडीच्या शून्यात दडली आहे. २१११ पासून २१११ वजा १११२ केले की ९९९ येते. संगणकाला ही तीन अंकी संख्या वाटते. तिचे अंक उलटसुलट मांडले तरी ९९९ च राहतात आणि वजाबाकी ० होते. कापरेकरांच्या नियमात ती ०९९९ अशी चार अंकी धरायची आहे. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, त्यानंतर ८०८२, ८५३२ आणि ६१७४. तेव्हा वजाबाकीनंतर अंक वेगळे करताना नेहमी चारच अंक काढ, कमी पडतील तिथे शून्य घाल. ११११ सारख्या चारही अंक समान असलेल्या संख्यांना मात्र खरोखरच ० येते. त्या सुरुवातीलाच बाजूला काढ.

आता पुढचे पाऊल. चार अंकी संख्या मोजक्याच आहेत, ०००० ते ९९९९ मिळून दहा हजार. प्रोग्रामला त्या सगळ्या तपासायला लाव आणि प्रत्येकीला किती पायऱ्या लागल्या ते नोंदव. सातापेक्षा जास्त कुठेच लागणार नाहीत. युक्लिडच्या रीतीसाठी वर तर्क द्यावा लागला, कारण संख्यांच्या जोड्या अनंत आहेत आणि सगळ्या तपासता येत नाहीत. इथे सगळ्या शक्यता तपासून होतात, म्हणून तुझ्या प्रोग्रामचा निकाल हाच पुरावा ठरतो. फक्त प्रोग्राम बरोबर असला पाहिजे.

तीन अंकांसाठी हीच रीत ४९५ वर येते, तेही करून पाहा. पाच अंकांना मात्र अशी एकच संख्या नाही. तिथे वजाबाक्या ठरावीक संख्यांच्या फेऱ्यात फिरत राहतात. म्हणून ‘अमुक संख्या आली की थांब’ ही अट तिथे उपयोगाची नाही. आलेली प्रत्येक संख्या यादीत लिहून ठेव आणि नवी संख्या त्या यादीत आधीच असेल तर थांब. यादीत ती पहिल्यांदा कुठे आली होती, तिथपासून शेवटपर्यंतचा भाग म्हणजे तो फेरा.